दार कुनी अडविलं

बायजा गेल्यानंतर ती दुपारची गायची.

हे मी कुणाला पटवून द्यायला जात नाही. जेवण झालं की मी ओटीवर आडवा व्हायचो आणि मागच्या पडवीतून तिचा आवाज यायचा. भांडी घासताना गायची तसा, हळू. भांडी मात्र वाजायची नाहीत, नुसतं गाणं. ते एका ओळीपर्यंत यायचं, "दार कुनी अडविलं गो, दार कुनी अडविलं?" आणि तिथंच थांबायचं. उठून मागं गेलो की पडवीत कोंबड्या.

पुढची ओळ मला माहीत होती. ती मी इस्पितळात ऐकली होती. ती ओळ कोर्टात सांगता येईल की नाही, यावर सगळं अडलं होतं.

आमचं गाव शेलारपासून आत आहे. मी टेम्पो चालवायचो. भिवंडीत लूमवर सुताचे मोठे रोल चढवतात, त्यांना भीम म्हणतात, ते पोचवायचो. माझी बायको बायजा धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्नाची गाणी, म्हणजे धवले, धवलारीण गाते. हळदीपासून नवरी घरात येईपर्यंत तिचंच चालतं. भटजी आले तरी तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागलं असं आमच्या बायका मानत नाहीत.

आमच्यात बाई नवऱ्याच्या थोरल्या भावांची नावं तोंडातून काढत नाही. सख्खे असोत की चुलत, सगळे भाऊजी. पण धवला गाताना हा नियम नसतो. गाण्यात ज्या जागी ज्याचं नाव यायचं, तिथं ते घ्यावंच लागतं. माझा थोरला चुलत भाऊ केसरीनाथ, त्याच्या मुलीच्या लग्नात बायजानं डोईवर पदर घेऊन खणखणीत आवाजात त्याचं नाव घेतलं. आणि गाण्यात ज्याचं नाव येतं, त्यानं उठून हात जोडायचे असतात. केसरीनाथ पंचायतीत निवडून आलेला माणूस, पण तो भर मांडवात उठला आणि धाकट्या भावजयीला हात जोडून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी ही परत, "भाऊजींना चहा दिला का?"

केसरीनाथ, मोरू आणि रामू हे तिघे सख्खे भाऊ, तिघेही माझ्याहून मोठे. एकाच मोठ्या घरात राहतात. आमच्या घरामागं त्यांचं गोडाऊन होतं, तिघांच्या नावावर. आधी कापडाचे तागे असायचे. मग कुणीतरी भाड्यानं घेतलं आणि केमिकलची पिंपं यायला लागली. वासानं डोळे चुरचुरायचे. बायजानं दोनदा जाऊन सांगितलं. केसरीनाथ तिला म्हणाला, "तुझ्या गान्यात म्हन, पिंपं नको म्हनून. मी हात जोडीन." सगळे हसले. तीपण हसली, असं तिनं मला सांगितलं.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते पेटलं. मी टेम्पो घेऊन भिवंडीत होतो. आत दोन हमाल पिंपं रचत होते आणि शटरला बाहेरून कुलूप होतं. तपासणीला कुणी येणार अशी कुणकुण लागली की आत काम चालू ठेवून बाहेरून कुलूप घालायची तिघा भावांची रीतच होती, किल्ली त्यांच्याकडंच असायची. हमाल आतून शटर बडवत होते. आमच्या घरातून बायजा धावली. कुलपावर दगड घालत होती, तेव्हा आत पिंप फुटलं.

दोन्ही हमाल गेले. बायजा काही दिवस जगली.

मरणाऱ्या माणसाचा जबाब घ्यायला एक साहेब आले. डॉक्टरांनी सांगितलं, शुद्धीवर आहे, बोलू शकते. मला बाहेर उभं केलं, पण दार लोटलेलं होतं, ऐकू येत होतं.

"कुलूप कुणी लावलं, पाहिलंत का?"

"पाह्यलं."

"कोण होतं?"

"भाऊजी."

"कुठले भाऊजी? नाव सांगा."

ती गप्प. साहेबांनी पुन्हा शांतपणे विचारलं, "बाई, नाव सांगा." ती गप्पच. डॉक्टर म्हणाले, आता त्रास नको. साहेबांनी जेवढं ऐकलं तेवढं लिहिलं आणि ते गेले. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही.

मी आत गेलो. ते जिना उतरले असतील नसतील, आणि बायजा गायला लागली. ओठ फुटलेले, तरी चाल बरोबर होती. नवरी घरात येताना नवऱ्याची बहीण दार अडवते, तेव्हाचं गाणं.

दार कुनी अडविलं गो, दार कुनी अडविलं?
दार अडविलं केसरीनाथानं, दार त्यानं अडविलं.

एकदाच गायली. केरळची नर्स होती, ती म्हणाली, "बाबा, सिंगिंग है, अच्छा है." त्यानंतर बायजा एकही शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे पोलिसांना सांगितलं. जबाबात आलं, "पत्नी गाणी म्हणत होती." लिहिणाऱ्याला वाटलं, गाणं ते गाणं.

तिघा भावांवर केस झाली. गोडाऊनचा वॉचमन पहिल्यांदा म्हणाला होता, कुलूप केसरीनाथशेठनं लावलं. कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, "हमको कुछ याद नहीं साहब." मेलेल्या हमालांच्या युनियननं आणि मी मिळून अर्ज केला होता की या केसला वेगळा वकील द्या. तो मंजूर होऊन आसावरी पाटणकर नावाच्या बाईंना नेमलं. ठाण्याच्या. पन्नाशीच्या, बारीक, चष्मा गळ्यात अडकवलेला. वॉचमनची उलटतपासणी त्यांनीच घेतली. स्वतःचा साक्षीदार फिरला तर कोर्टाची परवानगी घेऊन त्याला आडवे प्रश्न विचारता येतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी त्याला घाम फोडला, पण नाव काही वदवता आलं नाही.

पहिल्याच भेटीत मी त्यांना म्हणालो, "ताई, तुम्ही आमच्या वकील."

"नाही. मी विशेष सरकारी वकील. या एका केससाठी नेमलेली. वकील मी सरकारची, तुमची नाही."

"पन अर्ज आमी केला."

"अर्ज तुम्ही केला, नेमलं सरकारनं. कुठला साक्षीदार उभा करायचा आणि कुठला सोडायचा, ते मी ठरवणार. तुम्हाला आवडो न आवडो."

"मग या केसमधी मी कोन?"

"साक्षीदार."

"तिचा नवरा आसून?"

"नवरा असूनही. आणि मी तुम्हालासुद्धा सोडू शकते, महादूभाऊ. तुमच्या बोलण्यावर माझाच विश्वास बसला नाही, तर मी तुम्हाला पिंजऱ्यात उभं करणार नाही."

मी तसाच उठून एसटी स्टँडवर आलो. मनात आलं, मागून मागून हे काय मागून घेतलं.

मग केसरीनाथाचा मुलगा मनोज घरी आला. चांगला मुलगा आहे. लहानपणी बायजाच्या हातची भाकरी खायला आमच्याकडं पळून यायचा. ओटीवर बसला, मोबाइल हातात फिरवत राहिला.

"काका, वरून लेटर आलंय. बाबांपुरती केस मागं घ्यायची. पुरावा नाही म्हणून. वकीलबाईंची फक्त सही बाकी आहे."

"मग मना कशाला सांगतोस?"

"तू त्या गाण्याचं लावून धरू नको. काकी तापात होती. तापात माणूस काहीही बडबडतो. बाबांना शुगर आहे, काका. ते रात्रीचे उठून बसतात."

"मी दुपारचा उठून बसतो," मी म्हणालो.

त्याला कळलं नाही. मी सांगितलंही नाही. त्यानं जाताना बायजाच्या फोटोला हात जोडले. ते मला खोटं वाटलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेलो. आसावरीताई डबा खात होत्या. मला अर्धी पोळी दिली आणि ते पत्र आल्याचं सरळ सांगितलं.

"मग तुम्ही सही करनार?"

"नीट ऐका. खटला मागं घ्यायचा अर्ज सरकार करत नाही, वकील करतो. सरकार मला सांगू शकतं. पण सांगितलं म्हणून मी सही करायची, असं नाही. मी स्वतः विचार करून ठरवायचं, हे कायदाच म्हणतो. मी अर्ज केला तरी न्यायाधीशांनी संमती दिली पाहिजे. आणि मी केला नाही, तर मला काढून दुसरा नेमतील. तो त्यांचा अधिकार."

"मग करू नका सही."

"पुरावा खरंच नसेल, तर करणं माझं काम आहे. केसरीनाथला अडकवण्यासाठी मला नेमलेलं नाही. काय घडलं ते कोर्टापुढं ठेवायला नेमलंय." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आता मला सांगा, ते गाणं उत्तर होतं की नुसतं गाणं?"

युनियनचा माणूस मला म्हणाला होता, बिनधास्त सांग, बायको म्हणाली केसरीनाथनं कुलूप लावलं. गाण्याचं नावच काढू नको. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. पण समोरच्या बाई माझ्याकडं बघत होत्या, आणि मला पडवीतली ती थांबलेली ओळ ऐकू येत होती.

"गानं होतं," मी म्हणालो.

"मनोजचे वडील, असं का नाही म्हणाल्या त्या? एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं."

"तेच मी तिला रोज विचारतो."

त्या मला वेड्यात काढतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, "मग? काय म्हणतात?"

"गाते. पन नावाशी थांबते."

त्यांनी वही पुढं ओढली. मग मी त्यांना धवल्याचं सगळं सांगितलं. साहेबांनी नाव मागितलं होतं. तिच्याकडं ते नाव घ्यायला एकच जागा होती. आणि त्या ओळीत पुरुषाचं नाव कधीच येत नाही. दार नवऱ्याची बहीण अडवते, म्हणून बहिणीचंच नाव येतं. साठीच्या भाऊजींचं तिथं काय काम?

"हे तुम्ही सांगताय. तुमच्याशिवाय कोण सांगेल?"

बायजाच्या बरोबरीनं गाणारी जानकीबाई होती. आम्ही तिच्याकडं गेलो. तिनं पाणी दिलं आणि लांब बसली.

"मी कोर्टात येनार न्हाय. माझी लेक त्यांच्याच भावकीत दिलेली हाय. तिला नांदायचं हाय."

"मी तुम्हाला बोलावणारच नाही," ताई म्हणाल्या. "साक्षीदार म्हणून तुमचं नाव घालायचं नाही, हे माझ्या हातात आहे. फक्त मला एकदा ऐकायचंय."

जानकीबाईनं त्यांच्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "अंबाडीला मितेशचं लगीन हाय. लग्नात गायाला मना कोन आडवतो?"

अंबाडीच्या लग्नात ताई साधी सुती साडी नेसून बायकांत बसल्या. मी बाहेर पुरुषांत. संध्याकाळी वरात आली. नवरा मितेश, त्याची बहीण क्षितिजा दारात आडवी हात पसरून उभी. आतून जानकीबाईचा आवाज आला. चाल बायजाची होती.

दार कुनी अडविलं गो, दार कुनी अडविलं?
दार अडविलं क्षिती बहिनीनं, दार तिनं अडविलं.

नाव आलं तशी क्षितिजानं हात जोडले. मग भावाकडून कबूल करून घेतलं, तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील. बायका हसल्या. दार मोकळं झालं. मांडवातल्या एकानंही त्या हात जोडण्याकडं पाहिलं नसेल, इतकं ते नेहमीचं आहे.

ताई बाहेर आल्या तेव्हा कपाळाला हळद होती. गाडीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आत मी सात-आठ जणींना विचारलं, या ओळीत कधी पुरुषाचं नाव येतं का. त्या मलाच हसल्या. एक म्हणाली, मग नवरी घरात कशी येईल?" त्यांनी चष्मा पुसला. "मी सही करणार नाही. मला काढायच्या आत तुमची साक्ष होईल असं बघते. ऐकलंत तेवढंच सांगायचं. गाणं होतं, तर गाणं होतं म्हणायचं."

ठाण्याच्या कोर्टात मी पिंजऱ्यात उभा राहिलो. मागच्या बाकावर तिघे भाऊ बसले होते. केसरीनाथ वाळला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, मीही नाही.

ताईंनी थोडेच प्रश्न विचारले. नाव न घेण्याची रीत, धवल्यात नाव घेण्याची रीत, साहेब गेल्यावर काय झालं. मग बचावाचे वकील उठले. त्यांचा आवाज गोड होता.

"पोलिसांच्या जबाबात हे नाव नाही. खरं ना?"

"खरं. मी सांगितलं होतं. त्यांनी गानं म्हनत होती एवढंच लिवलं."

"म्हणजे तुमची पत्नी प्रश्नाचं उत्तर देत नव्हती. गाणं म्हणत होती."

"हां. गानं म्हनत होती."

त्यांनी न्यायाधीशांकडं असं पाहिलं की झालं, संपलं. "भाजलेली बाई, ताप, भ्रम. लग्नातली गाणी. साहेब, याला जबाब म्हणायचं का?"

न्यायाधीश वयस्क होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "शब्द काय होते? आठवतात?"

"आठवतात."

"सांगा."

मी तोंड उघडलं. आमच्यात पुरुष धवले गात नाहीत. नुसते शब्द सांगायला गेलो तर ते येईनात. चालीशिवाय ते मला माहीतच नव्हते. शेवटी मी डोळे मिटले आणि गायलो. आवाज फाटका लागला. टाइप करणारी मुलगी थांबली असावी, कारण टकटक बंद झाली.

दार कुनी अडविलं गो, दार कुनी अडविलं?

इथं पडवीत रोज थांबायचं तसं सगळं थांबलं. माझ्या कानाशी कुणीतरी श्वास घेतला. मला वाटलं आता ती घेईल नाव. ती घेईना. तेव्हा मी घेतलं.

दार अडविलं केसरीनाथानं, दार त्यानं अडविलं.

मागं बाक वाजला. मी डोळे उघडले. केसरीनाथ उठून उभा होता. दोन्ही हात जोडलेले, मान खाली. मुलीच्या मांडवात उभा होता अगदी तसा. मोरू त्याचा सदरा ओढत होता. पोलीस म्हणाला, "बसा हो, बसा." तो बसेना. मला नाही वाटत त्याला कळलं होतं आपण कधी उठलो ते.

बचावाचे वकील लगेच म्हणाले, "साहेब, ही आमच्या अशिलाची रीत आहे. गाण्यात नाव आलं की उठतात. याचा दुसरा अर्थ काढू नये."

"मी काहीच अर्थ काढत नाही," आसावरीताई म्हणाल्या. "गाण्यात नाव आलं की उठायची रीत आहे, हे माझे विद्वान मित्र म्हणाले. त्या रीतीची नोंद व्हावी, एवढंच."

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. आरोपी उठून उभा राहिला, हात जोडले, आणि वकील काय म्हणाले ते. त्यांनीही अर्थ काढला नाही.

पुढच्या तारखेच्या आधी ताईंची नेमणूक रद्द झाली. त्यांनी मला फोन करून सांगितलं, आवाज नेहमीसारखाच होता. त्यांच्या जागी दुसरे आले. त्यांनी केसरीनाथपुरती केस मागं घ्यायचा अर्ज दिला, त्याच कारणानं, पुरावा नाही. न्यायाधीशांनी विचारलं, "या कोर्टात नोंदवलेली साक्ष तुम्ही वाचलीत का?" ते म्हणाले, वाचतो. संमती मिळाली नाही. वकील बदलता येतो, लिहिलेली साक्ष बदलता येत नाही, हे ताईंनी मला आधीच सांगितलं होतं. तेव्हा ते मला नुसतं बोलणं वाटलं होतं.

केसरीनाथला सजा लागली. मोरू आणि रामूला कमी. तो अपिलात गेला आहे, तिथं काय होईल ते होईल. मनोज आता माझ्याशी बोलत नाही, समोर आला तर रस्त्याच्या पलीकडून जातो. मी त्याला हाक मारत नाही.

साक्ष झाली त्या दिवशी मी ठाण्याहून घरी आलो. दुसऱ्या दिवशी जेवलो आणि ओटीवर आडवा झालो. पडवीत काही आवाज नव्हता. मला वाटलं आज उशीर झाला असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मग मी ओटीवर निजायचं सोडून मागं पडवीतच घोंगडी टाकायला लागलो. कोंबड्या सवयीच्या झाल्या, अंगावरून जायच्या. ती काही गायली नाही.

परवा जानकीबाई हळदीचं आमंत्रण द्यायला आली. मला पडवीत बसलेलं पाहून तिनं विचारलं नाही, काय करता म्हणून. खाली बसली आणि म्हणाली, "गाऊ?"

दाराचं गाणं नाव आल्यावर पुढं कसं जातं, ते मी हजार वेळा ऐकलेलं आहे. नाव येतं, दार मोकळं होतं आणि बाई आत जाते. त्यानंतर ते गाणं परत म्हणत नाहीत.

"नको," मी म्हणालो. "बस जरा. चहा करतो."